भवानीआधीची पावती

आठवडे बाजारात कोणी जमिनीवर पोतं अंथरून चार जुड्या मेथी मांडली की बाजाराचा ठेकेदार समोर उभा राहतो आणि पावती फाडतो. अजून भवानीसुद्धा झालेली नसते. माल खपेल की संध्याकाळी कोमेजलेल्या जुड्या पाटीत घालून घरी न्याव्या लागतील, याच्याशी पावतीला कर्तव्य नाही. तोच माल मार्केट यार्डात गेला तर अडत्या विक्री झाल्यावर शेकड्यानं अडत घेतो. विक्री नाही, तर अडत नाही. आणि नगरपालिकेचा गाळा घेतलेला दुकानदार भर आषाढात गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी महिन्याचं भाडं भरतोच.

पावती, अडत आणि गाळाभाडं. इंटरनेटवरच्या बाजारानं या तिन्ही तऱ्हा उचलल्या आणि त्यांना लिस्टिंग फी, कमिशन आणि स्टोअर सबस्क्रिप्शन अशी नावं दिली. माळ्यावरची जुनी पुस्तकं, दोनदाच नेसलेली पैठणी, हातानं विणलेले चार रुमाल असं काहीबाही अधूनमधून विकणाऱ्या माणसाला ‘यातलं स्वस्त काय’ एवढाच प्रश्न पडतो. तो बेरीज-वजाबाकीचा आहे आणि सुटतोही लवकर. त्याच्या पोटात दडलेला प्रश्न मात्र बराच जुना आहे. फळ मिळण्याआधी मेहनताना घेणाऱ्यानं पुढे फळातही वाटा मागावा का? यज्ञाच्या मांडवात वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या आपल्या मीमांसकांनी याच प्रश्नाचा कीस पाडला होता.

आधी हिशेब उरकून टाकू. ‘ईबे’चं अमेरिकेतलं दरपत्रक पाहिलं तर किरकोळ विक्रेत्याला महिन्याला २५० वस्तू फुकट मांडता येतात, त्यापुढे दर वस्तूला ३५ सेंट. विक्री झाली की बहुतेक प्रकारच्या मालावर २०२५ च्या दरानं १३.६ टक्के कापले जातात. समजा, न्यू जर्सीतली एखादी मराठी बाई महिन्याला वीस वस्तू मांडते. तिला पावती फाडावीच लागत नाही. तिनं वर्षभराच्या बोलीवर सर्वांत लहान दुकान घेतलं तर महिन्याला ४.९५ डॉलर, म्हणजे वर्षाला ५९.४० डॉलर जातील. मोफत मांडणीची मर्यादा तीच २५० आणि विक्रीवरचा शेकडाही तोच. म्हणजे पैसे मुख्यतः दुकानाच्या पाटीचे. त्यावरच्या पायरीचं दुकान वार्षिक बोलीनं महिन्याला २१.९५ डॉलरला पडतं आणि तिथे शेकडा १२.७ वर येतो. या ०.९ टक्क्याच्या बचतीतून भाडं वसूल व्हायला महिन्याला सुमारे २,४४० डॉलरची विक्री हवी. ‘अॅमेझॉन’वर तर गणित तोंडी करता येतं. एकट्यादुकट्या विक्रेत्याला दर विक्रीमागे ९९ सेंट, व्यावसायिकाला महिन्याला ३९.९९ डॉलर. चाळीस वस्तू विकल्या की दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात. वीसवाल्या बाईनं गाळ्याच्या वाटेला जाऊ नये, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

शास्त्री लागतो तो पुढे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या पादात एक अडचण उभी राहते. स्वर्गाची इच्छा धरून यज्ञ करायचा तो यजमानानं. प्रत्यक्षात मात्र आहुत्या टाकणारे, मंत्र म्हणणारे, साम गाणारे ऋत्विज वेगळेच असतात. मग फळ कोणाचं? घाम ज्याचा त्याचं, की ज्यानं काम करवलं त्याचं? मीमांसकांचा निर्णय स्पष्ट आहे. फळ यजमानाचं. ऋत्विजांना जी दक्षिणा मिळते ती दान नव्हे, तो ‘परिक्रय’ आहे. म्हणजे मोल देऊन विकत घेतलेली सेवा. गाई घेतल्या, व्यवहार पुरा झाला. ऋत्विजाला यजमानाच्या स्वर्गात खोली मागता येत नाही.

ही दक्षिणा वाटण्याचा हिशेबही काटेकोर असे. सोमयागात सोळा ऋत्विज, चार-चारांचे चार गट. शंभर गाई असल्या तर मुख्य चौघांना प्रत्येकी १२, दुसऱ्या गटाला त्याच्या निम्म्या म्हणजे ६, तिसऱ्याला ४ आणि शेवटच्याला ३. कामाच्या मानानं मोल. यज्ञ फळला किंवा न फळला, गाईंचा आकडा बदलत नाही.

याला एक अपवाद आहे आणि सगळी मजा त्या अपवादात आहे. ‘सत्र’ नावाच्या लांबलचक यागात किमान सतरा आणि जास्तीत जास्त चोवीस जण एकत्र बसतात. तिथे जो ऋत्विज तोच यजमान. फळ सगळ्यांचं, म्हणूनच तिथे दक्षिणा नाही. कोणी कोणाला विकत घेतलेलंच नाही, तर मोल कशाचं द्यायचं?

मीमांसकांच्या मांडवात अशी दोन दारं आहेत. एकातून दक्षिणा घेऊन बाहेर पडायचं, दुसऱ्यातून फळाचे भागीदार होऊन आत बसायचं. दोन्ही दारांत एकाच वेळी पाय ठेवणाऱ्याची सोय त्यांनी केलेली नाही.

इस्लामी व्यवहारशास्त्र वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी येतं. एकाचं भांडवल आणि दुसऱ्याचे कष्ट अशा भागीदारीला तिथे ‘मुदारबा’ म्हणतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. पण दोघांपैकी एकानं ‘नफा होवो न होवो, मला इतके दिरहम आधी’ अशी अट घातली तर करारच बाद होतो. बाजाराच्या जागेबद्दलही तिथे एक परंपरा सांगितली जाते. पैगंबरांनी मदिनेत बाजार नेमून दिला तेव्हा त्यावर कर बसवू नये असं म्हटलं, आणि जागेचा नियम मशिदीसारखा राहिला: जो आधी येईल त्याची जागा, तो उठेपर्यंत.

आता ‘एट्सी’चा व्यवहार पाहावा. हातकामाच्या वस्तूंचा हा बाजार २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाला. तिथे वस्तू मांडायला २० सेंट लागतात आणि मांडणी चार महिने टिकते. ही झाली पावती. विक्री झाली की शेकडा वेगळा. तो २०१८ पर्यंत ३.५ टक्के होता, मग ५ झाला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये ६.५. त्या एप्रिलमध्ये हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. त्यांची तक्रार दरवाढीची होती. मीमांसकाला विचारलं असतं तर त्यानं दराआधी जातीची तक्रार केली असती: वीस सेंट घेतले तेव्हा तुम्ही ऋत्विज होतात, साडेसहा टक्के मागताना भागीदार कधी झालात?

पूर्वपक्ष ऐकल्याशिवाय सिद्धांत मांडायचा नाही, ही त्याच परंपरेची शिस्त. इथे पूर्वपक्ष चांगला दणकट आहे.

पहिला मुद्दा असा की बाजारवाला एकच काम करत नाही. जागा देणं हे एक, आणि पैसे वसूल करून देणं, फसवणूक निस्तरणं, गिऱ्हाईक आणून देणं हे दुसरं. दोन कामांची दोन मोलं घेतली तर बिघडलं कुठे? हे अर्धं खरं आहे. पाच हजारांच्या वस्तूत फसवणुकीचा धोका पन्नासच्या वस्तूपेक्षा जास्त, त्यामुळे त्या भागापुरता शेकडा समजण्यासारखा आहे. पण ‘ईबे’चा शेकडा निव्वळ वस्तूच्या किमतीवर नसतो. टपालखर्च आणि विक्रीकर धरून गिऱ्हाइकानं जी एकूण रक्कम दिली, तिच्यावर असतो. विक्रेत्याच्या हाती जे येतच नाही, त्यावरही वाटा.

हा वादही नवा नाही. व्यापाऱ्याकडून राजानं विसावा भाग घ्यावा असं मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती दोन्ही सांगतात. विसावा भाग कशाचा? चालुक्यांच्या कल्याणीत बसून याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो, मूल्याचा. मनूचा टीकाकार कुल्लूक म्हणतो, नफ्याचा. शंभराची वस्तू नव्वदला काढून टाकणाऱ्यासाठी या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूल्यावर घेणारा तोट्यातही हात घालतो. स्मृतिकारांनी व्यापाऱ्यांच्या भागीदारीला ‘संभूयसमुत्थान’ हे नाव देऊन तिची वेगळी प्रकरणं लिहिली. तिथे नफ्याबरोबर तोटाही भांडवलाच्या किंवा ठरावाच्या प्रमाणात वाटला जातो. आजचा बाजारवाला नफ्याच्या पंगतीला बसतो आणि तोट्याच्या वेळी ‘मी फक्त जागा दिली’ म्हणून हात धुतो.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. मांडणी फुकट केली की बाजारात कचरा साठतो. एकच माल दहादा मांडला जातो, न विकायच्या वस्तू नुसत्या दाखवायला ठेवल्या जातात आणि खरा विक्रेता त्या गर्दीत बुडतो. वीस सेंटची पावती माणसाला क्षणभर विचार करायला लावते. दुसऱ्याची जागा अडवण्याचं हे मोल, आणि ते नाकारता येत नाही. पण मग ते अनामत म्हणून घ्यावं आणि विक्री झाली की शेकड्यातून वळतं करावं. शहरातल्या मॉलमध्ये अनेकदा असा करार असतो: ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीचा ठरावीक हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते. ‘किंवा’ या दोन अक्षरांत मीमांसकाचं समाधान होतं. ‘आणि’ म्हटलं की होत नाही.

‘ईबे’ची सुरुवात तर ‘आणि’शिवायच झाली होती. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये पिएर ओमिद्यार या तरुणानं कॅलिफोर्नियात हौस म्हणून लिलावाचं संकेतस्थळ उघडलं. पहिली विकलेली वस्तू एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. सगळं फुकट होतं. वर्दळ वाढली तशी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं त्याचं महिन्याचं भाडं ३० डॉलरवरून २५० वर नेलं, आणि १९९६ च्या फेब्रुवारीत त्यानं आकारणी सुरू केली: २५ डॉलरच्या आतल्या विक्रीवर ५ टक्के, वरच्यावर २.५. पाच टक्के म्हणजे नेमका विसावा भाग. लोकांनी कार्डावर चिकटपट्टीनं नाणी चिकटवून पाकिटातून पाठवली. पाकिटं इतकी झाली की ती उघडायला माणूस ठेवावा लागला.

नवा बाजार आधी सवलत देतो, हे मराठी मुलखाला ठाऊक आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांमार्फत उदमी बोलवायचे, कौल द्यायचा, काही वर्षं कर माफ करायचा. पेठ भरली, कौलाची मुदत संपली की हक्क सुरू. ‘मीशो’नं २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणं थांबवलं, ‘अॅमेझॉन’नं भारतात २०२५ च्या एप्रिलपासून तीनशे रुपयांच्या आतल्या लाखो वस्तूंवरचं रेफरल शुल्क, म्हणजे विक्रीवरचं कमिशन, काढलं. हे कौलच आहेत. ते कायमचे समजू नयेत.

आणि फुकट म्हणजे निष्पाप असंही नाही. ब्रिटनमध्ये ‘ईबे’नं २०२४ च्या ऑक्टोबरात खासगी विक्रेत्यांचं विक्रीशुल्क काढून टाकलं, काही महिन्यांत गिऱ्हाइकाच्या बिलात ‘संरक्षण शुल्क’ दिसू लागलं. महाराष्ट्रात २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यावी असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं की ते कोणाच्या तरी डोळ्यांवर येतंच.

रिकाम्या दिवसाचा भार कोणी सोसायचा, या प्रश्नाशी जोडलेलं एक घर देहूत होतं. तिथल्या पेठेची महाजनकी तुकारामांच्या घराण्याकडे होती. बाजाराचे मानपान आणि हक्क त्यांच्या दारात येत, सावकारीही होती. दुष्काळानं मुलूख होरपळला. पुढे घरातल्या कर्जखतांची वाटणी झाली तेव्हा धाकटा भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊन तुकारामांनी आपला अर्धा इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. ज्यांचं पीकच उगवलं नाही त्यांच्याकडून येणं उरलं होतं, तो कागद त्यांनी ठेवला नाही. कान्होबाच्या वाट्याला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या हक्कावर परस्पर पाणी सोडण्याचा अधिकार आपला नाही, एवढं व्यवहाराचं भान त्या वाण्याला होतं.

कोणत्याही कंपनीनं तिची दरपत्रकं इंद्रायणीत सोडावीत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण निवाडा द्यायचाच तर तो असा: अधूनमधून विकणाऱ्यासाठी विक्रीवरची अडत न्याय्य, कारण रिकाम्या दिवशी ती गप्प बसते, मांडणीची पावती अडतीत वळती होत असेल तर चालेल, आणि दर महिन्याचं दुकानभाडं, विक्री नित्याची होईपर्यंत, नकोच. दिवाळीची आवराआवर करून माळ्यावरचं काही विकायला काढणार असाल तर त्या मांडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एट्सी’सारख्या ठिकाणचं आपोआप नूतनीकरण आधी बंद करा. ते चालू राहिलं तर चार महिन्यांनी वीस सेंट पुन्हा लागतात, वस्तू तशीच पडून असली तरी.