बदली साहेब

मराठीत 'बदली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही माझ्या वाट्याला आले. पहिला अर्थ, चंद्रपूरहून उचलून गडचिरोलीच्या जंगलात नेऊन टाकणे. तसे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होती; पण हा युक्तिवाद आमच्या सौभाग्यवतींनी साफ फेटाळला. दुसरा अर्थ, दुसऱ्याच्या जागी उभे राहणे. मुंबईच्या गिरण्यांतले बदली कामगार सकाळी फाटकाशी जाऊन आज कोण गैरहजर आहे, याची वाट बघत, तसे.

आपल्याकडे बदलीला मान मोठा. दसऱ्याला आपट्याचे पान सोने होते. पूजेत सुपारी गणपती होते. बायको माहेरी असली तर तिच्या जागीही सुपारीच बसते, आणि ती एकदाही "अहो, नीट बसा" म्हणत नाही!

तर आमचे साहेब आठ दिवस रजेवर गेले आणि 'ऑफिशिएटिंग' म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसलो. पंखा थेट डोक्यावर, वर भत्ता. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपलेला. तिसऱ्या दिवशी एटापल्लीकडची एक म्हातारी पासबुक घेऊन आली. खाते अंगठ्याचे, आणि फोटो इतका जुना की त्यात तिचे केस काळे! रक्कम पास करणे माझ्या अधिकारात होते. पण उद्या काही निघाले तर? म्हटले, "आजी, सोमवारी साहेब आले की या."

ती म्हणाली, "खुर्चीवर तुमी बसले, मंग साहेब कोन?"

मी हसलो. संध्याकाळी पाहतो तो आजी एसटी स्टँडच्या बाकावर. शेवटची गाडी निघून गेली होती.

रात्री घास उतरेना. भरत आठवला. गादीवर रामाच्या पादुका ठेवून त्याने नंदिग्रामातून चौदा वर्षे कारभार पाहिला. पण दारी आलेल्याला "राम आले की या" असे म्हटल्याचे काही ऐकिवात नाही. खुर्ची बदली असते, साहेब बदली असतो; समोरच्याची गरज तेवढी कायम असते.

सकाळी आजी बँकेच्या पायरीवरच होती. तिला ओळखणारे दोन खातेदार साक्षीला घेतले आणि पैसे दिले. काम दहा मिनिटांचे. आदल्या दिवशीही तेवढ्यातच झाले असते.

भत्ता आठ दिवसांचा मिळाला. हिशेबाने सातच घ्यायला हवे होते.