दुरुस्ती, सुधारणा आणि हौस

जुनी झालेली वस्तू टाकून द्यावी, नीट करून घ्यावी, की तिच्यात नवी शक्ती घालून तिला वाढवावी, हा प्रश्न प्रत्येक संसारात वर्षातून दोन-चार वेळा तरी उपस्थित होतो. बहुधा तो खर्चाचा म्हणून मांडला जातो व खर्चाचा म्हणूनच निकालात निघतो. आमच्या घरीही तो तसाच मिटावयाचा. परंतु या खेपेस ज्या वस्तूवरून तो निघाला तिने आम्हांस अंमळ विचारात पाडले, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

ही वस्तू म्हणजे आमची विजेवर चालणारी डोंगरी सायकल. सात वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरू लागले तेव्हा आम्ही ती घेतली. रत्नागिरीकरांस तिची गरज समजावून सांगावयास नको. मांडवी, भाट्ये, मिऱ्या हे भाग समुद्राच्या अंगाला, तर गावाचा पुष्कळसा विस्तार जांभ्या दगडाच्या सड्यावर. कोठेही जावयाचे तर चढण ठरलेली. पाय मारावेत आणि चढणीवर विजेने हातभार लावावा, असा या वाहनाचा आमच्याशी करार होता आणि पाच वर्षे त्याने तो निमूटपणे पाळला. आता त्याची बॅटरी थकली आहे. नवी असताना ती ३६ व्होल्टची व १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॅट-तास वीज साठविणारी होती. आज जेमतेम निम्मी साठविते.

यावर आम्हांस तीन सल्ले मिळाले. पुण्यास असलेल्या चिरंजिवांनी फोनवरून सांगितले, "बाबा, जुन्यावर खर्च करू नका, नवीन घ्या." शेजारच्या एका हौशी गृहस्थांचे म्हणणे पडले की, ४८ व्होल्टची बॅटरी व थोरली मोटार बसवा, म्हणजे सायकल नव्याहून नवी होईल. तिसरा सल्ला सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा. त्याने चाक हाताने फिरविले, ब्रेक दाबून पाहिला आणि म्हटले, "काका, बॅटरीचं मागाहून बघू. आधी हे ब्रेक बदला." त्या वेळी तिन्ही सल्ल्यांत हा आम्हांस अगदी किरकोळ वाटला, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम भावनेचा आक्षेप घेऊ. बॅटरी बदलली, मोटार बदलली, चाकेही बदलली, तर ती आमची तीच सायकल राहील काय? हा प्रश्न फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेल्यावर ते जहाज तेच की दुसरे, यावर ग्रीक तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने नमूद केले आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षु नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला शेवटी मान्य करावे लागते की, या सर्वांच्या जुळणीस व्यवहारापुरते दिलेले नाव म्हणजे रथ. ब्रह्मदेशातील बौद्ध या ग्रंथाची गणना त्रिपिटकात करितात. त्याच देशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरण पावेपर्यंत आमच्या या गावी बंदिवासात होता. राज्य गेले, मुलूख गेला, आणि 'राजा' हे नाव तेवढे राहिले. भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या त्याच्या वाड्यापाशी उभे राहिल्यावर नागसेनाच्या प्रश्नाचे गांभीर्य पुस्तकापेक्षा अधिक जाणवते. सारांश, 'जुनी सोबतीण' म्हणून सायकल ठेवावी, हे कारण पुरेसे नाही. आपण ज्यास सोबत म्हणतो ती लोखंडात नसून आपल्या सवयीत असते.

आता गरजेचा हिशेब. सायकल व स्वार मिळून ९५ किलो वजन शंभर मीटर उंच चढवावयास सुमारे २६ वॅट-तास लागतात. यंत्रातील घट धरली तर चाळीस म्हणा. म्हणजे निम्मी उरलेली बॅटरीही, पायांची काही मदत न घेता, अशा चार चढणी चढवील. आमचे बाजार, टपाल व संध्याकाळचे फिरणे यांस दोन पुरतात. तेव्हा गरजेच्या दृष्टीने बॅटरी मेलेली नाही. मग आम्हांस उणे काय भासत होते?

रविवारी आमची पाच-सहा जणांची मंडळी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यास जाते. जाऊन येऊन पन्नासएक किलोमीटर होतात. अलीकडे इतरांनी नव्या सायकली घेतल्या. ते चढणीवर पुढे निघून जातात आणि आम्ही मागे राहतो. शेजाऱ्यांचा ४८ व्होल्टचा सल्ला आम्हांस का गोड लागला, याचे उत्तर येथे आहे. सायकल दुबळी झाली हे खरे. पण आमचे पायही सात वर्षांनी थकले आहेत, हे तिच्याहून अधिक खरे. जे आम्हांस स्वतःविषयी मान्य करावयाचे नव्हते, ते आम्ही बॅटरीच्या माथी मारीत होतो.

'सुधारणा' हा शब्द मराठीत थोर वादांतून आलेला आहे. आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्रास 'सुधारक' हे नाव दिले, तेव्हा त्यात अधिक बळ मिळविण्यापेक्षा दोष काढण्याचा अर्थ प्रधान होता. जे बिघडले ते पूर्ववत करणे ही दुरुस्ती. ज्यात मुळापासून उणीव होती ती भरून काढणे ही सुधारणा. आणि उणीव नसता अधिक मागणे ही हौस. हौस वाईट नव्हे. परंतु तिने सुधारणेचे नाव घेतले म्हणजे मनुष्य स्वतःस फसवू लागतो. शेजाऱ्यांच्या सल्ल्याचेच पाहा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली असता ४२ व्होल्ट दाखविते, तर ४८ ची ५४ च्या वर जाते. जुन्या नियंत्रकाचे भाग तेवढ्यासाठी घडविलेले नसतात. शिवाय आपल्या कायद्याने मोटार अडीचशे वॅटच्या आतली असेल, आणि वेग ताशी २५ किलोमीटर होताच तिची मदत थांबत असेल, तरच अशा सायकलीस परवाना व नोंदणी लागत नाही. ही मर्यादा गुपचूप ओलांडणे म्हणजे सायकलीचे हक्क ठेवून मोटारीचा वेग घेणे होय. वेग २५ वरून ३५ झाला तर थांबविताना ब्रेकांवर पडणारा भार जवळजवळ दुप्पट होतो. श्रावणातल्या ओल्या लाल मातीवर, उतारावर, समोर शाळेतून सुटलेली मुले असताना तो दुप्पट भार कोणाच्या जिवावर घ्यावयाचा? चढण्याची शक्ती आपल्या सुखासाठी असते. थांबण्याची शक्ती दुसऱ्याच्या रक्षणासाठी. कारागिराने ब्रेकांचा विषय आधी का काढला, हे आमच्या ध्यानी येथे आले.

मग चिरंजिवांचा सल्ला? तोही टाकाऊ नाही. जेथे दोष मुळात असतो तेथे डागडुजी करीत बसणे शहाणपणाचे नसते. १९३१ साली याच गावात भागोजीशेठ कीर यांनी बांधविलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले. जुन्या देवळांचे दार किलकिले करीत बसण्यापेक्षा सर्वांसाठी नवे देऊळ उभारणे तेव्हा योग्य होते. सायकलीचा सांगाडाच तडकला असता तर आम्हीही नव्याचाच पक्ष घेतला असता. पण तो धड आहे. खाऱ्या हवेने गंजले आहेत ते खिळे व तारा, आणि त्या बदलता येतात.

शिवाय नवी घेतली तर जुनी कोठे जावयाची? घरात कोणीतरी सहज म्हणाले, "पेपर टाकणाऱ्या मुलाला देऊन टाकू." आम्हांस ते क्षणभर उदार वाटले. मागाहून कठोपनिषदातील वाजश्रवसाची आठवण झाली. त्याने यज्ञात दान दिले ते दूध आटलेल्या, थकलेल्या गाईंचे. त्याचा मुलगा नचिकेत ते पाहून अस्वस्थ झाला. मृत्यूच्या दारी नेणारी ती सारी कथा एका खोट्या दानापासून सुरू होते. जे ब्रेक आमच्या मुलाच्या सायकलीस आम्ही चालू देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलास पहाटेच्या अंधारात दान करणे, हे पुण्य कोणत्या खात्यात जमा होईल? द्यावयाची तर नीट करून द्यावी; आणि नीट करावयाची तर आपणच का वापरू नये, हा प्रश्न परत येतोच.

बॅटरीचेही तसेच. अशा कित्येक बॅटऱ्यांत कोबाल्ट असते आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून निघते. तेथील खाणींत मुलेही राबतात, हे आता सर्वविदित आहे. म्हणून बॅटरी कधी बदलूच नये असे नव्हे. परंतु जिच्यात अजून काम आहे ती केवळ कंटाळ्याने टाकू नये, आणि टाकावयाची वेळ आल्यावर उकिरड्यावर टाकू नये, एवढे तरी आपल्याकडे लागते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरास देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिथवर ती पोहोचविणे हे वापरणाराचे काम.

आम्ही शेवटी केले ते असे. ब्रेक, साखळी व गंजलेल्या तारा बदलल्या. बॅटरी एक वर्ष आणखी वापरावयाची; नंतर घ्यावयाची ती तेवढ्याच व्होल्टची. मोटार होती तीच ठेविली. हा निर्णय सर्वांस लागू पडेल असे आमचे म्हणणे नाही. ज्यास रोज वीस किलोमीटर कामावर जावयाचे आहे, अथवा जिचे गुडघे आमच्याहून वाईट आहेत, तिला नवी बॅटरी ही आजचीच गरज असेल, आणि तिने आमच्या तत्त्वज्ञानाकडे खुशाल दुर्लक्ष करावे. आम्ही एवढेच सुचवितो की, 'काय बसवावे' हे ठरविण्यापूर्वी 'उणे काय आहे, आणि कोणात' हे पाहावे.

राहिला रविवारचा प्रश्न. त्यास यंत्रात उपाय नव्हता. मागील महिन्यात निघताना आम्ही मंडळींस स्पष्ट सांगितले की, आम्हांस आता चढण जड जाते, वर पोहोचल्यावर थांबावे. हे सांगावयास ४८ व्होल्टची बॅटरी विकत घेण्यापेक्षा अधिक धैर्य लागले. आरे-वारेच्या चढणीवर आम्ही दोनदा उतरून सायकल हाती धरून चाललो. वर गेलो तेव्हा सर्वजण कठड्याशी बसून समुद्राकडे पाहत होते. एकाने आमच्यासाठी पाण्याची बाटली पुढे केली. किती वेळ झाला, हे कोणी विचारले नाही.