काचेपलीकडची आई

भेटीची वेळ ही रुग्णालयाची साधी व्यवस्था आहे. पण ती जेव्हा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला लागू होते, तेव्हा विचारावेसे वाटते: आई आपल्या बाळाला 'भेटायला' येते काय?

अपुऱ्या दिवसांच्या बालकाला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागते. किलो-दीड किलोचा तो जीव. फुप्फुसे कच्ची, अंगात ऊब टिकत नाही, आणि चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्यापर्यंत बसत नसल्याने दूधही नळीने द्यावे लागते. काचपेटीने अशी असंख्य बालके वाचवली. जंतुसंसर्गाच्या भयाने आईला दाराबाहेर ठेवले गेले, तेही बालकाच्या हितासाठीच. दूर ठेवलेल्या आईची ओढ हळूहळू ओसरते, हे मात्र पॅरिसच्या डॉ. प्येर ब्युदँ यांनी १९०० च्या सुमारासच ओळखले होते.

पुढे १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा मार्ग काढला. पुष्कळांना ती गरिबांची तडजोड वाटली. पद्धत रुळली तरी प्रकृती स्थिरावल्याशिवाय बाळ आईकडे द्यायचे नाही, असाच प्रघात राहिला. जागतिक आरोग्य संघटनेचा यासंबंधीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतील, १.८ किलोहून कमी वजनाची बालके त्यात होती. जन्मल्यावर लगेच छातीशी धरलेल्या बालकांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १२ होते. स्थिरावेपर्यंत थांबलेल्यांत १५.७. ज्या जंतुसंसर्गाचे भय होते, तोही कमीच आढळला. हा लाभ दिसताच अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. उरलेल्या मातांना दूर ठेवणे आता न्याय्य नव्हते.

हे सारे आनंदाचे खरे. तरी मन पुरते निवत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच आले असते, तर आईला पुन्हा काचेपलीकडे उभे करायचे होते काय? तिच्या स्पर्शाने अपाय होतो असे ठरले असते, तर ती स्वतःच मागे सरली असती. परंतु अपाय नसताना तिने आपल्या हक्कासाठी लाभाचा दाखला का आणावा? त्या शंभरातली बारा बालके गेलीच. कोष्टकात ती अपयशाच्या रकान्यात आहेत. माझ्या मते त्यांनाही काही मिळाले, आणि ते मोजायला कोष्टकात रकाना नाही.

अर्थात आईने अहोरात्र तेथे असावे, असे म्हणणे सोपे आहे. टाके ओले असलेली बाळंतीण स्टुलावर किती तास बसणार? घरी दुसरे लेकरू, नवरा रोजंदारीवर. तिला विभागातच खाट हवी, जेवण हवे, आणि तिची स्वतःची तपासणीही तेथेच व्हायला हवी. ती थकली, तर बाळ वडिलांच्या किंवा आजीच्या छातीशीही राहू शकते. त्यांनाही मग भेटीची वेळ लावू नये.