सात पावलांचे सख्य

सात पावले बरोबर चालली की सख्य जडते, असे पाठशाळेत गुरुजी सांगत. पाणिनीने ‘साप्तपदीन’ हा शब्द सख्याच्याच अर्थी सिद्ध केला आहे. आम्हांला तो कळला दिवेघाटात. पुणे-सासवडचा लांब पल्ला, पायांत गोळे आलेले. शेजारच्या वारकऱ्याने न विचारता आमची पडशी खांद्यावर घेतली. पुढे कितीतरी आषाढ तो दिंडीत आमच्या डाव्या हाताला. हाक एकच, ‘माउली’. वाखरीच्या तळावर एका ताटलीत पिठलं-भाकर खाल्ली, पण नाव पुसायचे कारणच पडले नाही. त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता!

२०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. २०२१ सालीही पायी सोहळा नव्हताच. घरी बसून जीव कासावीस झाला. पत्र लिहावे तर ना नाव, ना गाव. विणेकऱ्यांना पुसावे तर तेही ‘माउली’च म्हणणार.

२०२२ साली घाट चढताना डाव्या हाताला एक तरुण आला. हातांत तेच टाळ, तोच लाल गोंडा.

“बाबा सांगून गेले, बुवांच्या डाव्या हाताला चाल.”

आम्ही त्याच्या पाया पडलो आणि विचारले, “बाळा, बाबांचं नाव काय रे?”