रफ कानस मारली, पुढे काय?



आजच्या वाचनात गीतेच्या १७व्या अध्यायातला १५वा श्लोक आला. वाणीचं तप म्हणजे काय? बोलणं दुसऱ्याला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. मी इथेच अडकलो. हे सगळं एकदम कसं जमायचं?

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरच्या कोडवर मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "कचरा आहे, पुन्हा लिही." कोड खरंच चुकला होता. तिने दुरुस्त केला. पण तेव्हापासून ती मला काहीच विचारत नाही. मी खोटं तर बोललो नव्हतो ना?

शनिवारी जालन्याला घरी गेलो. बाबा तिथे एमआयडीसीत फिटर होते. त्यांच्या पेटीत कानशी अजून फडक्यात गुंडाळलेल्या आहेत. रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ, डेड स्मूथ. दात क्रमाने बारीक होत जातात.

"बाबा, रफ कानस वाईटच ना?"

"वाईट कशी? जास्त माल काढायचाय आणि स्मूथ घेऊन बसलास, तर वाकडं तसंच राहील, फक्त चमकेल. पण रफचे ओरखडे पडतात. ते पुढच्या कानशीने काढायचे, तिचे तिच्या पुढच्या कानशीने. आणि कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब सोडायचा, नाहीतर तिचेच दात जातात."

मला माझी चूक कळली. एक तर रफ मारून मी जॉब तसाच सोडला होता. आणि 'कचरा' हा शब्द तर कानसही नव्हता, हातोडा होता. कानस फक्त जास्तीचं तेवढं काढते.

आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ बघा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा, एकदम कडक. पण लगेच दुसरा उत्तमलक्षणांचा. दोष दाखवून ते निघून गेले नाहीत, पुढे हात धरून बसले.

म्हणजे खरं बोलायला भ्यायचं नाही. फक्त ज्याने रफ कानस हातात घेतली, त्याने स्मूथ होईपर्यंत थांबायचं. हेच तप असावं.

सोमवारी तिच्याकडे गेलो. "तो शब्द चुकला माझा," म्हणालो. मग तासभर तिच्यासोबत कोड बघितला. जाताना तिने एक प्रश्न विचारला. एकच. पण विचारला.

आजची साधना: तुम्ही कोणाला रफ मारून तसंच सोडलंय? आज त्यांना एक फोन करा.

श्रीराम.