मोबाइल टॉवर आणि शेजाऱ्याचा हक्क

एखाद्या घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या छतावर मोबाइल टॉवर उभा राहतो, तेव्हा करार जागेचा मालक आणि कंपनी या दोघांमध्येच होतो. मालकाला भाडे मिळते, कंपनीला जागा मिळते आणि परवानगी शासनाकडून येते. समोरच्या खिडकीत राहणारे कुटुंब मात्र या करारात कोठेच नसते. त्या कुटुंबाने तक्रार केलीच, तर ‘माझ्या मालकीच्या जागेत मी काय करावे, हे विचारणारे तुम्ही कोण?’ असे उत्तर मिळते. कायद्याच्या कसोटीवर हे उत्तर कदाचित टिकेलही. परंतु अल्लाहसमोर जाब द्यायचा आहे, असे मानणाऱ्या माणसाला ते पुरेसे आहे काय?

शेजाऱ्याविषयीची इस्लामची शिकवण आपणास परिचित आहे. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:३६) अल्लाहच्या उपासनेच्या आदेशाबरोबरच नात्यातील आणि परका, अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तनाचा आदेश आलेला आहे. तेथे धर्माची अट नाही. हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले की, तो वारसदारही ठरेल असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना वाटू लागले, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शिकवण स्पष्ट आहे. अडचण तिच्या मर्यादेची आहे. शेजाऱ्याला जे जे नको, ते ते आपण सोडून द्यावे काय? की शेजाऱ्यानेही काही सोसावे?

या प्रश्नावर दोन हदीसी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकडी खुंटी किंवा तुळईचे टोक बसवायचे असेल, तर त्याला मज्जाव करू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. भिंत आपली असते, लाभ शेजाऱ्याचा असतो, आणि तरीही उदार होण्याची शिकवण आपल्याला दिली जाते.

दुसरी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हजरत समुरा बिन जुन्दुब (रजि.) यांचे खजुरीचे झाड एका अन्सारी गृहस्थाच्या बागेत होते. झाडासाठी त्यांचे येणे-जाणे होई आणि बागेत राहणाऱ्या कुटुंबाला त्याचा त्रास होई. अन्सारींनी झाड विकत मागितले, बदल्यात दुसरीकडे झाड देऊ केले. दोन्ही नाकारले गेले. प्रकरण प्रेषितांकडे (स.) आले. त्यांनीही विक्री सुचवली, अदलाबदल सुचवली, शेवटी पुण्याच्या आशेने दान करण्यास सांगितले. तिन्ही पर्याय नाकारले गेल्यावर प्रेषितांनी (स.) त्या वर्तनाला शेजाऱ्याला उपद्रव देणारे वर्तन ठरवले आणि झाड उपटून टाकण्याची परवानगी अन्सारींना दिली. या हदीसच्या सनदीविषयी विद्वानांनी चर्चा केलेली आहे. मात्र कोणी कोणास हानी पोहोचवू नये, या सर्वमान्य सूत्राशी तिचा आशय जुळतो.

खुंटीमुळे भिंतीच्या मालकाचे फारसे काही बिघडत नव्हते, म्हणून त्याने सोसावे. झाडामुळे एका कुटुंबाचे स्वास्थ्य रोज बिघडत होते आणि दुसरा मार्ग उपलब्ध होता. त्या झाडाची मालकी कोणी नाकारली नव्हती. पर्याय समोर असताना ते नाकारणे, हा तेथील दोष होता.

पुढे फिकहच्या विद्वानांनी हीच मोजपट्टी बारकाईने आखली. हनफी विद्वानांच्या मते मालक आपल्या मालमत्तेत मोकळा आहे. परंतु ‘जरर-ए-फाहिश’, म्हणजे उघड आणि मोठी हानी होत असेल, तर त्याला रोखता येते. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात या नियमांची ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. तिच्यातील उदाहरणे आजही बोलकी आहेत. घराला खेटून असलेल्या लोहाराच्या भट्टीच्या किंवा गिरणीच्या हादऱ्यांनी इमारत कमकुवत होणे, भट्टीच्या धुराने किंवा खळ्याच्या धुळीने घरात राहणे अशक्य होणे, उजेड पूर्णपणे अडणे, या मोठ्या हानी मानल्या आहेत. केवळ दूरचे दृश्य झाकले जाणे ही मोठी हानी मानलेली नाही. आपल्या कोकणातील बांधव ज्या शाफिई फिकहचे पालन करतात, तिच्यात मालकाला अधिक मोकळीक आहे. पण रूढ वापराची मर्यादा ओलांडून नुकसान केल्यास भरपाईची जबाबदारी तेथेही मालकावरच येते.

ही मोजपट्टी टॉवरला लावू. जुन्या स्लॅबवर पडणारा भार, डिझेल जनरेटरचा आवाज आणि धूर, दुरुस्तीसाठी वेळी-अवेळी गच्चीवर चढणाऱ्या माणसांमुळे शेजारच्या घराचा पडदा न राहणे, या हानी डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात. त्यांना नुसता भ्रम म्हणून उडवून लावता येत नाही.

किरणोत्सर्गाची बाब वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट ठोस पुराव्याचा नसून अपुऱ्या पुराव्याचा आहे. टॉवरच्या क्षीण लहरींमुळे आरोग्य बिघडते, याचा खात्रीलायक पुरावा नाही, अशीच त्या संघटनेची भूमिका राहिली आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. शिवाय टॉवर दूर असेल, तर हातातला मोबाइल अधिक शक्तीने लहरी सोडतो. म्हणून टॉवर हटवला की धोका टळला, हे समीकरण सरळ नाही. बातमीची शहानिशा करण्याचा सूरह हुजुरातमधील (४९:६) आदेश येथे तक्रार करणाऱ्यालाही लागू होतो. मोहल्ल्यात भीती पसरवणे हीदेखील हानीच आहे. मध्यरात्री रुग्णवाहिकेला फोन न लागणे, ही तर दिसणारी हानी आहे.

मग संशयापुरता प्रश्न मिटला काय? नुसत्या शंकेवरून एखादी गोष्ट हराम ठरत नाही, हे खरे. पण शंका दूर करण्याचा सोपा मार्ग असताना तो न स्वीकारणे, हे खजुरीच्या झाडासारखेच आहे. अँटेनाच्या लहरींचा मुख्य झोत बहुधा समोरच्या दिशेने जातो. थेट खाली त्याची तीव्रता कमी असते. म्हणजे भाडे घेणाऱ्या इमारतीपेक्षा समोरच्या वरच्या मजल्यावर झोत अधिक पोहोचू शकतो. दिशा बदलणे, उंची वाढवणे, शाळा आणि खिडक्यांपासून दूरची जागा निवडणे, जनरेटरऐवजी बॅटरी ठेवणे, दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावरून मोजणीची मागणी करणे, हे सर्व पर्याय खुले आहेत. फिकहचा आणखी एक नियम सांगतो की, ज्याला लाभ, त्यालाच त्याचा भार. भाड्याची रक्कम एका घराकडे आणि आवाज, धूर व काळजी दुसऱ्या घराकडे, ही वाटणी त्या नियमात बसत नाही. भाड्यातील काही भाग शेजाऱ्याचा त्रास कमी करण्यावर खर्च होणे हा उपकार मानू नये. तो हिशेबाचाच भाग आहे.

मशिदींच्या व्यवस्थापन समित्यांनी येथे विशेष सावध राहावे. हनफी फिकहनुसार मशिदीची जागा जमिनीपासून आकाशापर्यंत मशीदच असते. म्हणून तिचे छत भाड्याने देणे मुफ्तींनी अयोग्य मानले आहे. वक्फच्या इतर इमारतींबाबतही जाणकार मुफ्तींना विचारूनच पाऊल टाकावे. मशिदीशेजारी राहणारा मुस्लिम असो वा नसो, आपल्या धर्माची ओळख त्याला आपल्या प्रवचनांतून कमी आणि आपल्या गच्चीवर काय उभे आहे त्यावरून जास्त होते.

परवानगीचा कागद मालकाच्या हक्काचा निर्णय करतो. शेजाऱ्याच्या हक्काचा निर्णय आपल्या विवेकाला करावा लागतो. करारावर सही करण्यापूर्वी गल्ली ओलांडून समोरच्या दारावर जावे, काय बसणार आहे ते सांगावे, त्याची हरकत ऐकावी आणि जो पर्याय शक्य असेल तो स्वीकारावा. शेजाऱ्यानेही, हानी नसेल तेथे, भिंतीतील खुंटीसारखे सोसावे. अल्लाह आपणा सर्वांना शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.