नावाला जागलेली

पाचव्या शतकातली ही गोष्ट. पॅरिसजवळच्या नांतेर गावात सेव्हेरस आणि जेरोंशिया या दांपत्याला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं जनव्हिएव्ह. लहानपणीच तिने व्रतस्थ राहायचं ठरवलं आणि पुढे ती पॅरिसला येऊन राहिली.

४५१ साली हूणांचा राजा अ‍ॅटिला चालून येतोय अशी बातमी आली. लोकांनी किडूकमिडूक गोळा करून पळायची तयारी केली. जनव्हिएव्हने बायकांना एकत्र जमवून प्रार्थना सुरू केली आणि पुरुषांना शहर सोडू नका म्हणून विनवलं. लोक तिच्यावरच उलटले, तिचा जीव घ्यायची भाषा करू लागले. ती डगमगली नाही. अ‍ॅटिला पॅरिसला न येता ऑर्लेआंकडे वळला.

काही वर्षांनी फ्रँक टोळ्यांनी पॅरिसची कोंडी केली. धान्य संपलं, माणसं भुकेने मरू लागली. जनव्हिएव्ह नावा घेऊन सेन नदीतून निघाली. ओब नदीकाठच्या आर्सीपर्यंत आणि पुढे त्र्वापर्यंत जाऊन तिने धान्य मिळवलं. ११ नावा भरून आणल्या, असं तिचा जुना चरित्रकार सांगतो.

वाटप करताना तिने माणूस पाहिला. ज्यांच्या अंगात बळ होतं त्यांना धान्य दिलं. ज्यांना चूल पेटवायचंही त्राण नव्हतं त्यांच्या हातावर भाजलेले पाव ठेवले. तिच्याकडे भट्टीवर काम करणाऱ्या मुलींना पाव कमी झालेले दिसत. मग गरीबगुरीब गरम पाव घेऊन, तिला दुवा देत जाताना दिसले की त्यांना सगळं उमगे.

जनव्हिएव्ह या नावाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी ते केल्टिक मानतात. कुणी जर्मॅनिक मानून ‘कुळ’ आणि ‘स्त्री’ अशी त्याची फोड करतात. ज्या शहराने तिच्या जिवावर उठावं, त्याच शहराला तिने आपलं कुळ मानलं. ती पॅरिसची रक्षक संत ठरली. दर ३ जानेवारीला तिचा सण असतो आणि फ्रान्समधल्या कितीतरी मुलींनी तिचं नाव धारण केलं आहे.

तात्पर्य : नाव आईबाप ठेवतात, त्याला जागायचं असतं आपण. रागावलेल्यांनाही आपलं म्हणावं, आणि देताना घेणाऱ्याची ताकद पाहून द्यावं.